अठ्ठ्याऐंशी दिवसांचा हिशेब

ऑस्ट्रेलियातील एखाद्या आडगावच्या वसतिगृहात संध्याकाळी परदेशी तरुणतरुणी जमल्या की एक प्रश्न हमखास निघतो: ‘तुझे किती झाले?’ प्रश्न वयाचा नसतो, पैशांचाही नसतो. तो दिवसांचा असतो. कोणी सांगतो एकेचाळीस, कोणी सांगते सत्तर. आणि जिचे सत्त्याऐंशी झाले असतील तिच्याकडे बाकीचे हेव्याने पाहतात. शेतावर कामाचे अठ्ठ्याऐंशी दिवस भरले की त्या देशात आणखी एक वर्ष राहण्याचा अर्ज करता येतो. म्हणून हा आकडा तेथील तरुण प्रवाशांच्या तोंडी जपमाळेतल्या मण्यासारखा फिरत असतो.

या व्यवहाराची मूळ कल्पना मोठी उमदी होती. १९७५ साली ऑस्ट्रेलियाने ब्रिटन, आयर्लंड व कॅनडा या तीन देशांतील तरुणांसाठी एक नवा व्हिसा सुरू केला. तरुणाने वर्षभर देश पाहावा, हातखर्चापुरते मिळेल ते काम करावे, पुढच्या गावाला जावे आणि वर्ष संपले की शहाणा होऊन घरी परतावे, असा त्याचा हेतू होता. काम हे प्रवासाचे साधन होते. पुढे जपान, दक्षिण कोरिया, फ्रान्स, जर्मनी, तैवान असे एकेक देश या यादीत आले आणि दरवर्षी लाखावर तरुण या वाटेने येऊ लागले.

दरम्यान तेथील शेतकऱ्यांची अडचण वाढत चालली होती. ऑस्ट्रेलियाची फळबाग विस्ताराने मोठी, वस्ती विरळ, आणि फळ मात्र कोणासाठी थांबत नाही. टास्मानियात चेरी डिसेंबर-जानेवारीत पिकते. व्हिक्टोरियातील शेपर्टनकडे पेअर आणि पीच उन्हाळ्यात उतरतात. मिल्ड्युराची द्राक्षे त्यांच्या मागोमाग येतात. आणि दक्षिणेत थंडी पडली की क्वीन्सलंडच्या बोवेनकडे टोमॅटो आणि ढोबळी मिरची भरास येते. एवढ्या मोठ्या देशात पिकामागे फिरणारे हात हवे होते, आणि तेथील शहरी माणूस त्या कामाला तयार नव्हता. तेव्हा नोव्हेंबर २००५ मध्ये सरकारने एक युक्ती योजली. जो तरुण शहराबाहेरच्या भागात तीन महिने शेतीचे काम करील, त्याला दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळेल. २०१९ मध्ये याच धर्तीवर सहा महिन्यांच्या कामाला तिसरे वर्ष देऊ केले गेले. सरकारला मजुरी द्यावी लागली नाही. शेतकऱ्याला मजूर मिळाले आणि तरुणाला मुदत मिळाली. कागदावर यात कोणाचाच तोटा दिसत नाही.

प्रत्यक्ष काम काय असते? उत्तर क्वीन्सलंडमधील टली या गावाचे उदाहरण घेऊ. देशातील बहुतेक केळी याच पट्ट्यात पिकतात. पाऊस इतका की गावकऱ्यांनी आपल्या वेशीत सोनेरी रंगाचा एक प्रचंड गमबूट उभारला आहे. त्याची उंची ७.९ मीटर, कारण १९५० साली तेथे तेवढा पाऊस पडला होता. अशा चिखलात पहाटे ट्रॅक्टरमागून मुले बागेत शिरतात. घडावर निळसर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली असते. एकाने घडाखाली खांदा द्यायचा, दुसऱ्याने दांडा तोडायचा, आणि ते सारे ओझे एका झटक्यात खांद्यावर येते. घड चाळीस किलोंचाही असतो, कधी त्याहून जड. वसईच्या किंवा जळगावच्या केळीवाल्याला यात नवल वाटणार नाही. परंतु ज्याने काल-परवापर्यंत पॅरिसमध्ये संगणकापुढे बसून पगार घेतला, त्याच्या खांद्याला ते पहिला आठवडाभर झोपू देत नाही. पिशवीत कधी कोळी असतो, कधी बेडूक, कधी उंदीर, आणि क्वचित साप. मुलींना बहुधा शेडमध्ये काम मिळते. पाण्याच्या हौदातून येणाऱ्या फण्या सुट्या करून, पारखून खोक्यांत भरायच्या. दिवसभर उभे राहावयाचे आणि हात ओले.

आंब्याच्या कामाची हकीकत कोकण-गोव्याच्या माणसाला अधिक जवळची वाटेल. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन-कॅथरीनच्या बाजूला आणि पुढे बोवेनला आंबा उतरतो. तेथील प्रसिद्ध जात ‘केन्सिंग्टन प्राइड’; तिचे मूळ हिंदुस्थानातून घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर गेले, असे मानतात. आंबा कोठेही गेला तरी चीक सोडत नाही. तेथील तरुण मजुरांत चिकाने अंग उतण्याची तक्रार नेहमीची आहे. हात, मान, पापण्या सुजतात, फोड येतात. काहींना तर दोन-तीन दिवसांत काम सोडावे लागते. म्हणून यंत्राच्या पाट्यावर साबणाच्या पाण्याची फवारणी चालू ठेवून फळ उतरवतात. आपल्याकडे देठ ठेवून, झेल्याने उतरवण्याची जी काळजी पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते, तिचेच हे यंत्रयुगातले रूप.

टोमॅटो खुडणाऱ्याचे हात हिरवट काळे होतात आणि साबणाने निघत नाहीत. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत दिवसभर कंबरेत वाकून चालावे लागते. संत्र्यांच्या बागेत गळ्यात मोठी झोळी आणि हातात शिडी. या कामांना हलके समजणाऱ्याने एक दिवस ते करून पाहावे. शेतमजूर अकुशल असतो, हा शहरी समज पहिल्याच दिवशी गळून पडतो, अशी कबुली परतलेले बहुतेक तरुण देतात. अनुभवी मजूर फळाकडे न पाहता हाताने पारखतो, आणि नवख्याची एक पाटी भरते तोवर त्याच्या तीन झालेल्या असतात.

येथे मजुरीचा प्रश्न येतो आणि तोच या सर्व हकिकतीचा गाभा आहे. मजुरी दोन प्रकारची: एक तासावर, दुसरी पाटीवर किंवा किलोवर. पाटीवरच्या मजुरीत चपळ माणूस चांगला कमावतो, यात शंका नाही. पण नवख्याचे काय? ऑस्ट्रेलियाच्या बागायती मजुरीच्या नियमांत पूर्वी असे म्हटले होते की पाटीचा दर इतका असावा की सर्वसाधारण सक्षम कामगाराला त्यातून तासाच्या दरापेक्षा १५ टक्के अधिक मिळावेत. आता हा ‘सर्वसाधारण सक्षम कामगार’ कोण? तो कोणालाच भेटत नसे. दर ठरवणारा मालक किंवा कंत्राटदार त्याला मनात कल्पून घेई. आणि पिकाचा भर ओसरल्यावर विरळ झाडांतून फळे शोधत फिरणाऱ्या मुलीला दिवसाकाठी जे हाती पडे, त्यातून वसतिगृहाचे भाडेही भागत नसे. ऊसतोडणीचा दर टनावर कसा ठरतो, आणि रान खराब लागले तर टोळीची मजुरी कशी घटते, हे बेळगाव-कोल्हापूरकडच्या लोकांना सांगावयास नको. तेथील कंत्राटदारात आपल्याकडचा मुकादम सहज ओळखू येतो. उचल देण्याची चाल तेवढी तेथे नाही. तिचे काम व्हिसाची मुदत करते.

ते कसे, हे जरा उलगडून पाहिले पाहिजे. पहिल्या वर्षी या तरुणाला शेतावर जाण्याची सक्ती नसते. तो सिडनीत उपाहारगृहात बशा धुऊ शकतो. दुसरे वर्ष हवे असेल तरच शेत. परंतु ते वर्ष हवे असे ठरले, म्हणजे त्याचा प्रत्येक दिवस कोणाच्या तरी कबुलीवर अवलंबून राहतो. रोजंदारीवर असलेल्याचा जो दिवस प्रत्यक्ष कामाचा, तोच मोजला जातो. पाऊस पडला, दिवस गेला. ट्रॅक्टर बिघडला, दिवस गेला. फळ अजून कच्चे आहे, दोन दिवस थांबा. ते दोन्ही गेले. वसतिगृहाचे आठवड्याचे भाडे मात्र पावसात थांबत नाही. अठ्ठ्याऐंशी दिवस भरावयास म्हणूनच चार-पाच महिने लागू शकतात. इकडे पहिल्या वर्षाची मुदत सरत असते.

पूर्वी हे दिवस भरल्याचा पुरावा म्हणजे १२६३ क्रमांकाचा एक छापील नमुना असे. त्यावर मालकाची सही हवी. एका माणसाच्या सहीवर दुसऱ्याचे एक वर्ष टांगलेले असले की त्या सहीला बाजारभाव येतोच, आणि तसा तो आला. काही ठिकाणी मजुरीशिवाय राबवून घेतले गेले, काही ठिकाणी सहीसाठी पैसे मागितले गेले, आणि काही तरुणींकडे त्याहून नीच मागण्या झाल्या. मजुरीची वाच्यता केली तर सही मिळणार नाही, या भीतीने बहुतेक गप्प राहिले. २०१५ साली सरकारने विनावेतन काम मोजणे बंद केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून पगाराच्या चिठ्ठ्या पुराव्यादाखल मागण्यास सुरुवात केली. सुधारणा योग्य होती. परंतु तिच्यामुळे प्रश्न मिटला नाही. ‘फेअर वर्क ऑम्बुड्समन’ या मजुरीच्या कायद्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीने चार हजारांवर तरुणांची चौकशी करून ऑक्टोबर २०१६ मध्ये अहवाल दिला. त्यात शंभरातल्या पस्तीस जणांनी किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळाल्याचे सांगितले, आणि सहा जणांनी सहीसाठी पैसे मोजल्याचे सांगितले.

याचा अर्थ सारे ऑस्ट्रेलियन शेतकरी लुबाडणारे आहेत, असा कोणी काढू नये. शेकडो तरुणांच्या आठवणींत असाही शेतकरी भेटतो, की ज्याने नवख्या मुलाला आपल्या हाताने छाटणी शिकवली, आजारपणात मोटारीने इस्पितळात नेले आणि नाताळच्या जेवणाला घरच्या टेबलावर बसवले. प्रामाणिक शेतकऱ्याचीही यात हानीच होते. कारण शेजारचा कमी मजुरीत फळ काढतो आणि बाजारात दर पाडतो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशाच्या सीमा मिटल्या, नवे तरुण येईनासे झाले आणि काही बागांत फळ झाडाखाली कुजले, तेव्हा पाहुण्या हातांवर ही शेती किती विसंबली होती, ते सर्वांना दिसले. त्यानंतर मजूर संघटनेने पाटीच्या मजुरीचा प्रश्न ‘फेअर वर्क कमिशन’ या मजुरीच्या न्यायमंडळापुढे नेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंडळाने निर्णय दिला आणि २८ एप्रिल २०२२ पासून तो लागू झाला: दर पाटीचा असो वा किलोचा, तासाच्या किमान मजुरीखाली कोणालाही उतरता येणार नाही. रोजंदारी कामगारासाठी ती त्या वेळी तासाला २५.४१ डॉलर होती. मालकाने पाटीवाल्यांच्याही तासांची नोंद ठेवली पाहिजे, असे त्यातच आले. ही नोंद लहानशी गोष्ट वाटते. पण ज्याचे तास लिहिलेलेच नाहीत त्याची तक्रार ऐकावी कशी, हा प्रश्न त्यापूर्वी अडून बसत असे.

मजुरीपलीकडे जिवाचाही प्रश्न आहे. क्वीन्सलंडमध्येच चिल्डर्स नावाचे उसाच्या मळ्यांनी वेढलेले लहान गाव आहे. तेथील एका जुन्या लाकडी हॉटेलच्या इमारतीत फळे-भाज्या काढावयास आलेल्या तरुणांचे वसतिगृह होते. २३ जून २००० च्या मध्यरात्रीनंतर एका भटक्या मजुराने त्या इमारतीला आग लावली. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा चालू नव्हती. पंधरा तरुणतरुणींचा अंत झाला. त्यांत सात ब्रिटनचे, तीन ऑस्ट्रेलियाचेच, दोन नेदरलंडचे, आणि आयर्लंड, जपान व दक्षिण कोरियाचा एकेक. आग लावणाऱ्याला २००२ मध्ये जन्मठेप झाली. त्याच वर्षी पुन्हा उभारलेल्या त्या इमारतीत स्मारक खुले झाले. शेतात विसावा घेत बसलेल्या त्या मुलामुलींचे एक मोठे चित्र तेथे लावले आहे. क्वीन्सलंडने स्वस्त वसतिगृहांच्या अग्निसुरक्षेचे नियम या घटनेनंतर कडक केले. अठ्ठ्याऐंशी दिवसांची अट त्या वेळी अजून आलेली नव्हती. ती मुले आपखुशीने शेतावर आली होती.

त्या मुलांनी ज्या मातीत भाजी काढली, तिचाही एक जुना इतिहास आहे. १८६३ पासून १९०४ पर्यंत प्रशांत महासागरातील बेटांवरून, मुख्यतः व्हानुआटू आणि सॉलोमन या द्वीपसमूहांतून, सुमारे ६२,००० लोक क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांवर आणले गेले. त्यांत बहुसंख्य तरुण पुरुष होते. काही स्वखुशीने आले, काही फसवून, काही पळवून. करार तीन वर्षांचा, मजुरी सालीना सहा पौंड. १९०१ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवण्याचे ठरले, तेव्हा कित्येकांची हयात ऑस्ट्रेलियात गेलेली होती. बंडाबर्गच्या परिसरात त्यांनी शेतातले दगड वेचून रचलेला गडगा अजून उभा आहे. मॉरिशसच्या ऊसमळ्यांत रत्नागिरीकडून गिरमिटावर गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांना ही कहाणी परकी वाटणार नाही. आजचा परदेशी तरुण गिरमिट्या नव्हे; त्याच्या खिशात परतीच्या तिकिटाचे पैसे असतात आणि त्याला काम सोडता येते. पण आपल्या मुदतीची चावी मालकाच्या खिशात असली की मजुराची मान किती झुकते, याचा धडा त्या मातीत फार पूर्वी लिहिला गेला होता. तो वाचूनही २००५ ची अट घालण्यात आली.

मग तरुण जातात कशाला? जातात, आणि पुष्कळसे आनंदाने परत येतात. एका स्वयंपाकघरात तैवानची मुलगी भात शिजवते, इटालियन मुलगा तिच्याच भांड्यात शेवया उकळतो, आणि दोघांना येणारी इंग्रजी मिळून एका वाक्याची होते; तेथे जी मैत्री जुळते ती महाविद्यालयात जुळत नाही. पहाटे चारला उठणे, आपले कपडे धुणे, आठवड्याची मजुरी मोजून जपणे, बाजारातल्या टोमॅटोकडे पाहून त्यामागचे हात ओळखणे, हे शिक्षण पुस्तकात नाही. घरी परतल्यावर ताटात अन्न टाकणे जमत नाही, असे कित्येक जण सांगतात. श्रमाचे हे मोल खरे आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. काही जण पुन्हा शेतीच्या शिक्षणाकडे वळले, काहींनी तेथेच संसार मांडला.

मराठी घरांनाही आता हा विषय परका राहिलेला नाही. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्यात भारतीय तरुणांना वर्षाला १,००० अशा व्हिसांचे वचन होते, आणि २०२४ साली ते उघडले. वय १८ ते ३० पर्यंत, शालान्त शिक्षणानंतर निदान दोन वर्षांचे उच्च शिक्षण, आणि कामापुरती इंग्रजी, अशा मुख्य अटी. अर्जदार अधिक म्हणून निवड सोडतीने होते; पहिली सोडत १ ऑक्टोबर २०२४ रोजी खुली झाली आणि तिची नोंदणी फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर होती. इंदूर-बडोद्यापासून पणजी-बेळगावपर्यंतच्या कोणत्याही घरातील मुलगा वा मुलगी आता या वाटेवर दिसू शकेल. आईबापांना ‘परदेशी नोकरी’ एवढेच ऐकू येईल. म्हणून दोन-चार गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या. ही नोकरी नव्हे. काम कोणी राखून ठेवलेले नसते. सोडतीत नाव लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला येथे काही काम नाही, नोंदणी सरकारी संकेतस्थळावर स्वतःच करावयाची असते. १ जानेवारी २०१७ पासून या व्हिसावरच्या कमाईवर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर आहे. क्वीन्सलंडमध्ये मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराला १६ एप्रिल २०१८ पासून परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी कोणालाही पाहता येते. काम आणि निवास एकाच माणसाच्या हातात असेल तर दुप्पट सावध राहावे. रोजचे तास स्वतःच्या वहीत लिहावेत, पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपावी, आणि कडक उन्हात पाणी व सावली मागण्यास लाजू नये. २०१७ साली उत्तर क्वीन्सलंडमध्ये शेतात काम करणारा एक बेल्जियन तरुण उष्म्याने कोसळून दगावला होता.

दुसऱ्या वर्षाच्या अटीत मात्र एक चमत्कारिक भेद आज दिसतो. ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारानुसार १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश पारपत्र असलेल्या तरुणाला तीन वर्षे राहावयाचे झाले तरी शेताचे तोंड पाहावे लागत नाही. फ्रान्सच्या, तैवानच्या, कोरियाच्या तरुणाला ते पाहावे लागते. आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी ज्या भारतीय तरुणांसाठी सोडत उघडली, त्यांच्या वाट्याला व्हिसाबरोबर तीन महिन्यांची अटही आली.